ऐकायची परवानगी

भर दुपारी कर्वे रस्त्यावर एक गृहस्थ पंक्चर झालेली स्कूटर ढकलत चालले होते आणि त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. पट्टा हनुवटीखाली नीट लावलेला. पुण्यात हेल्मेट घालणाऱ्याकडे लोक आधीच संशयाने बघतात, हे तर गाडीवर बसलेलेही नव्हते. मी रिक्षातून ते दृश्य पाहिलं, मनसोक्त हसले, आणि थोड्या वेळाने ज्या कंपनीत मुलाखतीला पोचले तिथे तेच गृहस्थ घाम पुसत माझ्यासमोर येऊन बसले. हेल्मेट टेबलावर होतं.

त्यांच्याच हाताखाली नोकरी लागून बरेच महिने झाल्यावर मी धीर करून विचारलं, "सर, त्या दिवशी गाडी तर बंद होती ना?"

"रस्ता चालू होता," ते म्हणाले आणि पुन्हा फाइलीत डोकं घातलं.

आमची कंपनी लोकांना पैसे कुठे गुंतवायचे ते सांगते आणि त्यांना फंड, विमा, रोखे असं काहीबाही विकते. हे हेल्मेटवाले साहेब तिथले कम्प्लायन्स ऑफिसर होते. म्हणजे कंपनी कायद्याने वागते की नाही हे बघायला कंपनीनेच पगार देऊन ठेवलेला माणूस. सुनेने स्वखर्चाने सासू आणून बसवावी तसलं हे पद आहे. बहुतेक कंपन्यांत अशी सासू चहापाणी घेऊन गप्प बसते. आमची बसत नसे. विक्री विभागातली मुलं त्यांना पाठीमागे 'नाही-साहेब' म्हणायची आणि ते त्यांना ठाऊक होतं. एकदा फोनवर कुणाला तरी ओळख सांगताना मी त्यांना ऐकलं, "हो, मीच तो नाही म्हणणारा."

मी वर्ध्याची. आमच्याकडे माणसाला आधी जेवायला बसवतात आणि मग नाव विचारतात. साहेबांनी माझं नाव, पत्ता, आधीची नोकरी, ती का सोडली, हे सगळं विचारलं आणि पाणी मात्र मीच मागून घेतलं. पहिले काही आठवडे मी रोज आईला फोन करून रडत होते. मग हळूहळू कळलं, की हा माणूस सगळ्यांशीच असा वागतो, डायरेक्टरांशी तर जास्तच, आणि त्यात एक प्रकारचा आदर आहे.

दिवाळीत मोठ्या कंपन्यांकडून त्यांच्या नावाने सुक्या मेव्याचे डबे येत. ते डबे परत पाठवत नसत आणि घरीही नेत नसत. रिसेप्शनच्या टेबलावर सगळे उघडून ठेवत आणि प्रत्येकासमोर पाठवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. "अमुक यांच्याकडून, सर्वांसाठी." येणारे ग्राहकसुद्धा वाचून खायचे. डायरेक्टर एकदा वैतागले, "अहो, शोभतं का हे?"

"काजू चांगले आहेत," साहेब म्हणाले. "नाव झाकून खाल्ले की बाधतात."

पण त्यांचं खरं खूळ वेगळं होतं. साठीच्या पुढच्या कुणी आमच्याकडे पैसे ठेवले, की ती फाइल साहेबांकडे यायची आणि ते स्वतः त्या माणसाला फोन लावायचे. सगळ्याच कंपन्या फोन करतात. एक मुलगी घडाघडा अटी वाचते, पलीकडचा माणूस 'हो हो' म्हणतो, संपलं. साहेब काहीच वाचून दाखवत नसत. नाव सांगत आणि म्हणत, "सांगा बघू, काय घेतलंत तुम्ही? तुमच्या शब्दांत सांगा." आणि गप्प बसत. पलीकडचा माणूस चाचरे, चिडे, बायकोला हाक मारी. साहेब थांबून राहत. त्या माणसाने घेतलेली वस्तू त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आली तरच फाइल पुढे जायची. नाहीतर विकणाऱ्या मुलाच्या टेबलावर परत.

"सर, तुम्ही कस्टमरची व्हायवा घेता का?" एका मुलाने चिडून विचारलं.

"हो. आणि नापास तुम्ही होता."

नारायण पेठेतल्या एका आजोबांनी त्यांना फोनवर चांगलंच झापलं होतं. स्पीकर चालू होता म्हणून सगळ्यांनी ऐकलं. "तुम्ही कोण मला विचारणारे? माझे पैसे आहेत, मी चुलीत घालीन!"

"अवश्य घाला," साहेब शांतपणे म्हणाले. "फक्त चुलीत घालतोय, एवढं तुमच्या तोंडून ऐकू द्या."

आजोबांचा आवाज खाली आला. मग म्हणाले, "बँकेतल्यासारखंच आहे ना हे?" साहेबांनी नाही म्हणून सांगितलं. ती फाइल परत गेली, आणि पुढे ते आजोबा दर संक्रांतीला ऑफिसात येऊन साहेबांच्या हातावर तिळगूळ ठेवायचे. तिळगूळ मात्र साहेब खायचे. त्याला चिठ्ठी लागत नसे.

'तुमच्या शब्दांत सांगा' हे कुठून आलं, ते मी एकदा विचारलं होतं. त्या दिवशी स्वारी खुशीत होती. म्हणाले, "आमच्या ताईचं आहे ते." आईवडील लवकर गेले. मोठी बहीण महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, तिनेच त्यांना वाढवलं. रोज संध्याकाळी ती धडा वाचून घ्यायची, पुस्तक मिटायची आणि म्हणायची, "सांग बघू, तुझ्या शब्दांत." पाठ केलेलं चालायचं नाही. सांगताना हात सरळ ठेवून उभं राहायचं. बरोबर आलं की ती फक्त "बरोबर" म्हणायची, शाबासकी वगैरे नाही. "त्या एका 'बरोबर'साठी मी बी. कॉम. झालो," साहेब म्हणाले. लग्न त्यांनी केलं नाही. वारज्याला एकटे राहायचे आणि रविवारी धायरीला ताईकडे जेवायला जायचे. आठवड्यातून एकदा तरी ताईचं काहीतरी ऐकायला मिळे, बहुधा एखाद्या भाजीबद्दल.

आता जे घडलं ते सांगते. आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला ते खरं वाटणार नाही. आमच्या धंद्यातल्याला लगेच पटेल.

ताई निवृत्त झाल्या. महापालिकेत रेंगाळलेले फंडाचे पैसे साठी उलटल्यावर हातात आले. त्या कुणालाही न विचारता थेट आमच्या ऑफिसात आल्या, कारण 'आमचा भाऊच आहे तिथे'. साहेब त्या दिवशी मुंबईला होते. विक्रीतल्या मुलाने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि एक विमा योजना दिली, जिच्यात दरवर्षी हप्ता भरावा लागतो आणि पहिली पाच वर्षं पैसा बाहेर काढता येत नाही. साहेब परत आले तेव्हा फाइल टेबलावर होती. बहिणीचं नाव दिसताच त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. नियम असा, की जवळच्या नातेवाइकाची फाइल आपण तपासायची नाही, तसं लेखी कळवायचं आणि दुसऱ्याकडे द्यायची. त्यांनी कळवलं आणि फाइल ऑपरेशन्सच्या मॅनेजरकडे दिली.

मॅनेजर भला माणूस. त्याने नाव वाचलं आणि मनात म्हणाला, साहेबांची सख्खी बहीण. त्यांनी तर हिला सगळं समजावून वर पुस्तकच लिहून दिलं असेल. फोन करून हिला 'तुम्हाला समजलं का' विचारायचं म्हणजे साहेबांचाच अपमान. 'ग्राहकाला योजना समजली आहे' या ओळीपुढे त्याने खूण केली. ज्या ऑफिसात कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला तो प्रश्न चुकला नाही, तिथे एकट्या ताईच सुटल्या.

तेवढ्यात भाऊबीज आली. पॉलिसी हातात पडल्यावर काही दिवस असे असतात, की नको असेल तर ती परत करता येते, पैसे पुरे मिळतात. भाऊबीज त्या दिवसांतलीच होती. ओवाळून झाल्यावर ताई कौतुकाने म्हणाल्या, "अरे, तुझ्या कंपनीत पैसे ठेवलेत हो मी. कसे ठेवले सांगू का..."

साहेबांनी हात वर केला. "ताई, मला सांगू नकोस. मला ते ऐकायची परवानगी नाही."

हे त्यांनीच दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगितलं, जरा अभिमानानेच. ताई आणि भावोजी पोट धरून हसले म्हणे. आम्हीही हसलो. नियम घरातसुद्धा पाळणारा माणूस, आणखी एक किस्सा झाला. आज तो मी कुणाला सांगत नाही. ताईंना एक वाक्य बोलू दिलं असतं तर साहेबांनी तिथल्या तिथे ओळखलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात भावोजींना अर्धांगाचा झटका आला. ते धायरीचेच, शहर बसवर ड्रायव्हर होते. जिवावरचं निभावलं, पण एक बाजू गेली ती गेली. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. नेमकं त्याच इमारतीत तळमजल्यावरचं घर विकायला निघालं होतं. वरचं विकायचं, त्यात फंडाचे पैसे घालायचे आणि खाली यायचं, असं ताईंनी ठरवलं. तळमजल्याचा मालक ओळखीचा होता, थांबायला तयार झाला. ताई पैसे काढायला आमच्या ऑफिसात आल्या, आणि काउंटरवरच्या मुलीने त्यांना सांगितलं, की पैसे मिळणार नाहीत, उलट दिवाळीच्या सुमारास पुढचा हप्ता भरायचाय.

साहेब बाहेर आले. ताई उभ्याच होत्या.

"अरे, ही मुलगी काय म्हणते बघ."

साहेबांनी कागद वाचला. मग फार हळू विचारलं, "ताई, काय घेतलंस तू?"

"एफडी," ताई म्हणाल्या. "एकदाच पैसे भरायचे, हवे तेव्हा काढायचे. तो मुलगा म्हणाला तसं. तू तपासलं असशीलच ना?"

साहेबांचा चेहरा असा झाला, की मी नजर वळवली.

डायरेक्टर तसे दुष्ट नव्हते. त्यांनी त्याच संध्याकाळी साहेबांना बोलावलं. मीही फाइल घेऊन आत होते. "अहो, एका फोनचं काम आहे. विमा कंपनीत माझी ओळख आहे. ताईंची पॉलिसी खास बाब म्हणून रद्द करून घेतो, आठवड्यात पैसे खात्यात. विषय इथेच संपवू."

"त्या मुलाच्या टीमने बाकीच्यांना विकल्यात त्यांचं काय?"

"तुम्हाला ताईंचे पैसे हवेत ना? मग बाकीचं उकरू नका."

अट एवढी स्वच्छ होती. साहेबांनी एक दिवस मागून घेतला आणि त्या दिवसात त्या टीमच्या ज्या फाइली त्यांच्या हाताखालून गेल्या नव्हत्या, त्या लोकांना फोन लावले. साठीच्या आतले, कुणी कारखान्यातला, कुणाचं दुकान, एक शिलाईकाम करणारी बाई. "सांगा बघू, काय घेतलंत?" मी शेजारी बसून उत्तरं ऐकत होते. एफडी. एफडी. बँकेसारखंच. एफडीच की हो, का, काही झालं का?

दुसऱ्या दिवशी ते त्या लोकांची यादी डायरेक्टरांपुढे ठेवून म्हणाले, "यांचा भाऊ इथे नोकरीला नाही." आणि सगळं प्रकरण त्यांनी आमच्यासारख्या कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाकडे लेखी कळवलं. त्यात जबाबदार व्यक्ती कोण, असा एक रकाना असतो. तिथे लोक त्या मुलाचं नाव घालतात, फार तर मॅनेजरचं. साहेबांनी स्वतःचं घातलं.

मी त्यांच्याशी भांडले. आयुष्यात एवढं कुणाशी भांडले नसेन. म्हटलं, "सर, आधी भावोजींना खाली आणा. मग जगाला न्याय द्या." ते म्हणाले, "ताईचे पैसे असे घेतले, की माझं तोंड बंद. मग ती शिलाईवाली बाई?" मला त्यांचं पटत होतं आणि त्यांचा रागही येत होता. अजूनही दोन्ही होतं.

डायरेक्टरांची अट त्यांनी ताईंना फोनवर सांगून टाकली आणि स्वतःच्या फंडातले पैसे घेऊन ते धायरीला गेले. ताईंनी दारातूनच सांगितलं, "मला तुझे नकोत. माझे हवेत. ते देता येत असून तू नाही म्हणालास." त्यानंतर त्यांचा रविवार बंद झाला.

चौकशीसाठी ताईंचं म्हणणं कुणीतरी ऐकायला हवं होतं. साहेब जाऊ शकत नव्हते, म्हणून मी गेले, आणि मग जातच राहिले. भावोजी गॅलरीत खुर्चीवर असायचे. खाली रस्त्यापलीकडे देवळाचा कट्टा, तिथे त्यांचे जुने सोबती बसलेले. ते हात करायचे, भावोजी चांगला हात वर करायचे. "उभ्या जल्मात बस चालवली," मला म्हणाले, "आता वरच्या मजल्यावर पार्क केलंया मला." मग आत बघून आवाज खाली आणून, "त्याला सांग, मास्तरीण रागावलीय. मी न्हाई. त्यानं केलं ते रीतीचं हाय. पर मला त्या कट्ट्यावर एकडाव बसायचं व्हतं गं."

हा निरोप मी साहेबांना अर्धाच दिला. पुढचं वाक्य त्यांना ऐकवायची माझी हिंमत झाली नाही.

तळमजल्याचा मालक थांबून थांबून थांबला आणि शेवटी त्याने घर दुसऱ्याला विकलं. दरम्यान कंपनीने साहेबांच्याच अहवालावर बोट ठेवून साहेबांनाच घरी बसवलं. जबाबदार व्यक्ती तेच होते ना, त्यांच्याच हस्ताक्षरात. निरोपाच्या दिवशी त्यांनी खिशात स्वतःचं पेन तेवढं राहू दिलं, कंपनीचं माझ्या टेबलावर आणून दिलं आणि म्हणाले, "शाई अजून आहे." मी त्यांच्या पाया पडले. त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

थंडीत भावोजी गेले. त्यांच्या सोबत्यांनीच त्यांना जिन्यावरून खाली आणलं आणि कट्ट्याशी तिरडी घटकाभर टेकवली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. साहेब हेल्मेट हातात धरून रस्त्याच्या कडेला उभे होते. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आणि मग, सगळं होऊन गेल्यावर, निकाल लागला. त्या टीमने विकलेल्या सगळ्या पॉलिस्या रद्द, सगळ्यांना पुरे पैसे परत. शिलाईवाल्या बाईने ऑफिसात येऊन सगळ्यांना पेढे वाटले. मी तिच्या हातातला पेढा घेतला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

तोवर साहेबांच्या जागेवर मीच बसत होते. ताईंची सही घ्यायला जायचं होतं. फोन केला तर त्या म्हणाल्या, "त्याला घेऊन ये."

आम्ही धायरीला गेलो. साहेब वाळले होते. जिने चढताना मध्येच थांबले. ताईंनी दार उघडलं, मला आत घेतलं. गॅलरीतली खुर्ची होती तिथेच होती. मी कागद काढले आणि रीतीप्रमाणे विचारलं, "ताई, कशाचे पैसे आहेत, सांगता का तुमच्या शब्दांत?"

त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. साहेब उंबऱ्याबाहेरच उभे होते. तिथूनच म्हणाले, "ताई, आता मी कंपनीचा कुणी नाही. आता मला ऐकायची परवानगी आहे."

"आता मी नाही सांगणार," ताई म्हणाल्या. "तू सांग. भाऊबीजेला मी काय सांगत होते? तुझ्या शब्दांत सांग."

साहेब आत आले. हेल्मेट खाली ठेवलं. हात सरळ करून उभे राहिले, पांढऱ्या केसांचा, निवृत्त केलेला, एवढा मोठा माणूस.

"पैसे ठेवलेत," ते म्हणाले. "एकदाच भरलेत. हवे तेव्हा मिळतील." मग खुर्चीकडे बघत म्हणाले, "आमचा भाऊ आहे तिथे. आता यांना काही झालं, तरी काळजी नाही."

खालच्या कट्ट्यावर कुणीतरी मोठ्याने हसलं, ते वरपर्यंत ऐकू आलं.

"बरोबर," ताई म्हणाल्या.